गाडीची आंघोळ दोन बादल्यांत!

मुलांनो, येत्या रविवारी सकाळी आपल्या गल्लीत सहज एक चक्कर मारून या. कुठे कुणाचे बाबा पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून पाईपने गाडी धूत असतील. कुठे एखादी ताई ओढणी कमरेला खोचून काच पुसत असेल. कुठे लहानगा भाऊ पाईपवर पाय देऊन उभा असेल आणि पाणी का येत नाही म्हणून सगळे नळाकडे बघत असतील! आणि पाणी? ते अंगणातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून गटारात निघालेलं असेल.

"बाई, गाडी धुण्यात शिकण्यासारखं काय असतं?" असं तुम्ही विचाराल. माझ्या चौथीच्या वर्गानेही मला हेच विचारलं होतं. त्यांना जे उत्तर मिळालं, तेच आज तुम्हाला सांगणार आहे. घरी गाडी नसली तरी वाचा हं. स्कूटर, सायकल, ट्रॅक्टर, सगळ्यांची अंगं एकाच रीतीने धुवायची असतात. आणि आईबाबांनो, तुम्हीही शेजारी बसून वाचा. कारण गाडीवर सगळ्यात जास्त ओरखडे पाडणारी मंडळी लहान नसतात, मोठीच असतात!

आधी एक कोडं. गाडीचा रंग किती जाड असतो? पत्र्यावर आधी प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर एक पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. गाडीला चमक असते ती या थराची. हे सगळे थर मिळून जाडी भरते साधारण १०० ते १५० मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्यावरचा एक केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. आणि तो वरचा चमकणारा थर? जेमतेम ४०-५० मायक्रॉन! म्हणजे चमक जपायची तर केसापेक्षाही पातळ कातडी सांभाळायची आहे.

आता दुसरी गोष्ट. धूळ मऊ असते असं आपल्याला वाटतं. चिमटीत धरली तर पिठासारखीच लागते ना! पण त्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि वाळूत असते गारगोटी. १८१२ साली फ्रेडरिक मोस नावाच्या जर्मन खनिजतज्ज्ञाने खनिजांचा कठीणपणा मोजायला १ ते १० अशी एक फूटपट्टी तयार केली. सगळ्यात मऊ शंखजिरं १ वर, सगळ्यात कठीण हिरा १० वर. त्या पट्टीवर गारगोटी आहे ७ वर आणि साधी काच साडेपाचच्या आसपास. म्हणजे गारगोटीचा कण काचेवरसुद्धा ओरखडा काढतो. मग बिचाऱ्या रंगाची काय कथा!

आणि आपण रोज सकाळी काय करतो? ऑफिसला जायची घाई असते. डिकीतून कोरडं फडकं काढायचं, टपावरून, बॉनेटवरून फटाफट फिरवायचं की झाली गाडी स्वच्छ. प्रत्यक्षात आपण फडक्याखाली गारगोटीचे कण धरून गाडी घासत असतो. सुताराचा पॉलिश पेपर तरी दुसरं काय करतो? उन्हात उभी असलेली एखादी काळी किंवा गडद निळी गाडी नीट न्याहाळा. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक बारीक रेघा दिसतील. ती सगळी कोरड्या फडक्याची करामत.

म्हणून पहिला नियम असा: धूळ आधी पाण्याने सुटू द्यायची, मग हात लावायचा. कोरड्या गाडीवर कोरडं फडकं कधी नाही.

हा नियम मला पुस्तकातून नाही मिळाला. तो मिळाला माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांकडून. त्यांची गोष्ट सांगते.

मी लातूरला प्राथमिक शाळेत शिकवते. मराठीच्या तासाला मी 'माझे वडील' हा निबंध लिहायला दिला होता. एकेक जण उभा राहून वाचत होता. कुणाचे वडील शेतकरी, कुणाचे दुकानदार, कुणाचे एसटीत कंडक्टर. एका मुलाने वाचलं, "माझे वडील ड्रायव्हर आहेत. ते मोठमोठ्या गाड्या चालवतात."

तेवढ्यात मागून आवाज आला, "खोटं, बाई! याचे पप्पा आमच्या अपार्टमेंटमध्ये गाड्या पुसतात!"

वर्ग हसला. मी हसणाऱ्यांना गप्प केलं, पण बाण सुटून गेला होता. त्या मुलाने वही मिटली आणि तो खाली बसला. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

शाळा सुटल्यावर मी त्याच्या घरी गेले. त्याचे वडील नुकतेच कामावरून येऊन बसले होते. हाताची बोटं पाण्याने पांढरी पडून सुरकुतली होती. झालेला प्रकार त्यांना ठाऊक होता. ते म्हणाले, "मॅडम, चूक पोराची नाही. मीच त्याला बोललो होतो, कुणी विचारलं तर डायवर सांग म्हणून."

मी म्हटलं, "भाऊ, येत्या शनिवारी आमचा कार्यानुभवाचा तास आहे. तुम्ही येऊन मुलांना गाडी धुवायला शिकवाल का?"

"मी? शाळेत? पोरांसमोर काय बोलू मी, मॅडम? माझं शिक्षण सातवी."

"बोलू नका. फक्त करून दाखवा. गाडी माझी घ्या."

ते बराच वेळ गप्प बसले. मुलगा दाराआडून ऐकत होता. मग ते म्हणाले, "पाईप लागणार नाही. दोन बादल्या आणा."

शनिवारी माझी जुनी अल्टो शाळेच्या मैदानात लिंबाच्या सावलीत उभी केली. तो मुलगा आला होता, पण सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या वडिलांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी आधी बॉनेटवर पालथा हात ठेवला आणि पहिलं वाक्य बोलले, "तापलेली गाडी धुवायची नाही." का ते मुलांनीच सांगितलं. तापलेल्या पत्र्यावर साबणाचं पाणी लगेच वाळतं आणि डाग राहतात. बाष्पीभवन आम्ही त्याच महिन्यात शिकलो होतो!

मग त्यांनी १०-१० लिटरच्या दोन बादल्या मांडल्या. एकीत गाडीचा शॅम्पू मिसळलेलं पाणी, दुसरीत नुसतं पाणी. मुलांना वाटलं, दुसरी बादली शेवटी गाडीवर ओतायची असेल. "नाही," ते म्हणाले, "ही फडक्याची बादली. फडकं गाडीवरून फिरलं की त्यात माती येते. ते तसंच साबणाच्या बादलीत घातलं तर सगळी बादली मातीची. म्हणून आधी ह्या साध्या पाण्यात पिळायचं, मग साबणात बुडवायचं."

किती सोपी युक्ती! तास संपेपर्यंत साध्या पाण्याची बादली चहासारखी तांबूस झाली होती आणि साबणाची बादली जवळजवळ स्वच्छ होती. मुलं दोन्हींत डोकावून बघत होती. हल्ली बाजारात बादलीच्या तळाशी ठेवायची प्लॅस्टिकची जाळीसुद्धा मिळते. माती जाळीखाली बसते, परत वर येत नाही.

धुण्याचा क्रमही त्यांनी दाखवला. आधी तिसऱ्या बादलीतलं थोडं पाणी मगने वरून खाली सोडून धूळ भिजवायची. चाकं आधी, तीही वेगळ्या फडक्याने. कारण चाकांवर ब्रेकची काळी भुकटी असते. तिच्यात लोखंडाचे बारीक कण असतात. तेच फडकं रंगावर फिरवलं तर संपलंच. मग टप, काचा, बॉनेट, डिकी, दारांचा वरचा भाग आणि शेवटी दारांचा खालचा भाग. रस्त्यावरची माती आणि चिखल सगळ्यात जास्त खालीच उडतो, म्हणून खालचा भाग शेवटी. आणि हात गोल गोल फिरवायचा नाही, सरळ रेषेत न्यायचा. एखादा कण अडकलाच तर त्याची सरळ रेघ कमी दिसते. गोल रेघ कुठल्याही बाजूने उजेड पडला तरी चमकते.

"आता कोण करतं?" त्यांनी विचारलं. सगळ्यांचे हात वर! पहिला पुढे आला तोच मुलगा, ज्याने मागून आवाज टाकला होता. त्याने फडकं घेतलं आणि गोल गोल घासायला सुरुवात केली. तोच भिंतीपासून आवाज आला, "गोल नाही रे! सरळ घे. आणि आधी पिळ ना!"

तो भिंतीला टेकलेला मुलगा तरातरा पुढे आला. त्याने फडकं घेतलं, साध्या पाण्यात पिळलं, साबणात बुडवलं आणि दारावरून एक सरळ हात फिरवून दाखवला. अगदी वडिलांसारखा. मग फडकं त्या दुसऱ्या मुलाच्या हातात दिलं. पुढची दहा मिनिटं ते दोघं मिळून एकच दार धूत होते. मी काही बोलले नाही. त्याचे वडील मात्र पाठ फिरवून उगाचच बादली हलवत राहिले.

नंतर वर्गात आम्ही गणित केलं. शाळेच्या नळाला पाईप लावून १५ लिटरची बादली भरली. लागले ९० सेकंद. म्हणजे मिनिटाला किती? १० लिटर. गाडी धुताना पाईप २० मिनिटं सुरू राहिला तर? २०० लिटर! आणि या काकांनी किती वापरलं? तीन बादल्या, म्हणजे ३० लिटर. एका गाडीमागे १७० लिटरची बचत. (मोजायला घेतलेलं पाणी शाळेच्या झाडांना घातलं, बरं का!)

आमच्या लातूरला पाण्याचा हिशेब जिव्हारी लागणारा आहे. २०१६ साली मांजरा धरण कोरडं पडलं. पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली. एप्रिल महिन्यात मिरजेहून पाण्याने भरलेली रेल्वेगाडी लातूरला आली. पहिल्या गाडीला १० टाक्या होत्या आणि त्यांत ५ लाख लिटर पाणी होतं. आज चौथीत असलेली मुलं तेव्हा जेमतेम रांगत होती किंवा जन्मलीही नव्हती. मी फळ्यावर विचारलं, "एका गाडीला २०० लिटर, तर ५ लाख लिटरमध्ये किती गाड्या?" उत्तर आलं २,५००. वर्ग एकदम शांत झाला. सबंध रेल्वेभर पाणी, जे तीनशेहून जास्त किलोमीटर लांबून आणलं, ते फक्त अडीच हजार गाड्या धुण्यात संपलं असतं!

त्या वर्षी काकांवर काय वेळ आली होती ते त्यांनीच सांगितलं. "सोसायटीवाले म्हणाले, गाड्या धुणं बंद. म्हणजे माझं कामच बंद. घरात हे पोरगं पाळण्यात. मग मी म्हणलं, मला अर्धी बादली पाणी द्या, तेवढ्यात करून दाखवतो." एका साहेबांनी त्यांना एक नवीन द्रावण आणून दिलं होतं. ते झाकणभर पाण्यात टाकायचं आणि गाडीवर पाणी ओतायचंच नाही. त्यातली रसायनं मातीच्या कणांभोवती गुंडाळून बसतात, कण निसरडे होतात आणि फडक्यात उचलले जातात. पुन्हा धुऊन काढायची गरज नसते. पण त्यासाठी फडकी मात्र पुष्कळ हवीत. काकांनी एक फडकं मध्ये दुमडलं, पुन्हा एकदा दुमडलं आणि मुलांना विचारलं, "आता किती कोऱ्या बाजू?" मुलांनी उलगडून मोजल्या. आठ! एक बाजू एकदाच वापरायची, मळली की पुढची उलटायची. चार फडकी, बत्तीस बाजू, अख्खी गाडी. चिखलाने बरबटलेल्या गाडीवर मात्र हा उपाय चालत नाही. चिखल आधी पाण्यानेच भिजवून उतरवावा लागतो.

आता साबणाकडे वळू. कपडे धुवायची पावडर गाडीला लावायची नाही. तिच्यात सोडा असतो, ती अल्कधर्मी असते. भांड्यांचा साबणही नको. तो तव्याचं तेल काढतो, तसंच गाडीवरचं मेणाचं रक्षक पांघरूणही काढून टाकतो. गाडीचा शॅम्पू आम्लही नसतो आणि अल्कही नसतो, साधारण उदासीन असतो. पाचवी-सहावीच्या मुलांनी लिटमस कागद लावून खुशाल पडताळून पाहावं. काही जुने ड्रायव्हर चमक यावी म्हणून रॉकेलचा किंवा डिझेलचा बोळा फिरवतात. त्याने क्षणभर चमक येते खरी, पण तेलकट अंगावर धूळ दुप्पट बसते आणि दारांची रबरं फुगून खराब होतात.

फडकं कोणतं? जुनं बनियन, फाटकी साडी घरात असतेच. पण शिवणीची गाठ, बटण, हूक रंगावर रेघ काढतात. मायक्रोफायबरचं फडकं मिळालं तर सगळ्यात चांगलं. पॉलिस्टर आणि नायलॉनच्या जातीचे अतिशय बारीक धागे चिरून ते बनवतात. धाग्यांच्या फटींत धूळ जाऊन बसते आणि पाणीही भराभर शोषलं जातं. ते धुताना इतर कपड्यांत टाकायचं नाही, नाहीतर सुती कपड्यांचे कापूस-धागे त्याला चिकटतात. कपडे मऊ करायचं द्रव्य नको आणि इस्त्री तर नकोच. आणि जमिनीवर पडलेलं फडकं पुन्हा गाडीला लावायचं नाही. 'नुसतं झटकलं' म्हणून चालत नाही. ते धुवायलाच टाकायचं.

धुऊन झाल्यावर गाडी तशीच वाळू द्यायची का? नाही. आमच्याकडे बोअरचं पाणी. त्यात क्षार भरपूर. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि गोल पांढरे ठिपके उमटतात. तुमच्या घरच्या बादलीला, नळाच्या तोटीला आतून पांढरा थर बसतो ना, तोच हा. म्हणून लगेच कोरड्या स्वच्छ फडक्याने पाणी टिपून घ्यायचं. टिपायचं हं, रगडायचं नाही.

कावळ्या-चिमण्यांनी केलेली नक्षी आणि झाडाचा चीक यांना रविवारची वाट बघायला लावायची नाही. पक्ष्यांच्या विष्ठेत युरिक आम्ल असतं. उन्हात तापलेल्या रंगावर ते राहिलं तर कायमचा डाग पडतो. नखाने खरवडायचं नाही. ओलं फडकं पाच मिनिटं त्यावर ठेवायचं, मऊ झालं की अलगद उचलायचं.

आणि मेण? मेण म्हणजे गाडीचं खोबरेल तेल समजा. अळवाच्या पानावर पाण्याचा थेंब टाकून पाहिलाय? मोत्यासारखा गोल होतो आणि घरंगळून जातो. पान ओलं होतच नाही. 'अळवावरचं पाणी' म्हणतात ते उगाच नाही. गाडीवर मेण लावलं की पाणी तसंच मण्यांसारखं उभं राहतं आणि जाताना धूळही घेऊन जातं. गाडीच्या पुष्कळ मेणांत करनौबा नावाचं मेण असतं. ते ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं. त्या कोरड्या प्रदेशात आपलं पाणी उडून जाऊ नये म्हणून ते झाड पानांवर मेण चढवतं, आणि आपण ते गाडीवर चढवतो! मेण अगदी पातळ लावायचं, जरा वाळू द्यायचं, मग मऊ फडक्याने पुसून काढायचं. दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरे. पाण्याचे मणी होईनासे झाले की समजावं, मेण उतरलं.

पॉलिशची गोष्ट वेगळी. पॉलिश किंवा रबिंग कंपाउंड ओरखडा 'भरत' नाही. ते ओरखड्याच्या आजूबाजूचा थर घासून कमी करतं. आधीच थर केसापेक्षा पातळ! म्हणून ते काम जाणकाराकडे सोपवावं आणि वारंवार करू नये. ओरखडा नखाला लागत असेल तर तो पॉलिशने जायचाही नाही.

एक गमतीचा प्रयोग सांगते. धुतलेल्या, कोरड्या गाडीवर हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बोटं अलगद फिरवा. डोळ्यांना गुळगुळीत दिसणारा पत्रा बोटांना खरखरीत लागेल. डांबराचे आणि लोखंडाचे बारीक कण रंगाला चिकटून बसलेले असतात, ते धुण्याने जात नाहीत. त्यांच्यासाठी खास मऊ मातीची वडी मिळते. शॅम्पूचं पाणी शिंपडून ती हलकेच सरकवली की कण तिच्यात रुततात. वडी जमिनीवर पडली तर मात्र ती सरळ टाकून द्यायची.

आता हे सगळं कशासाठी? नुसतं शेजाऱ्यांना दाखवायला? तर ऐका.

मी लहान असताना माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, लातूर ते औसा काळी-पिवळी जीप चालवायचे. जीप चालली तर घर चालायचं. रोज पहाटे ते तिला धुवायचे आणि पुढचे दोन टायर माझ्याकडे असायचे. मी सहावीत होते. लग्नसराईचे दिवस. अकरा माणसं तुळजापूरला न्यायचं भाडं ठरलं होतं. पहाटे अण्णा मागचं चाक धूत होते. चिखल निघाला, चाक पुसलं, तरी आतल्या बाजूला एक ओला ओघळ तसाच. त्यांनी बोट लावलं, बोट बोटावर घासून पाहिलं, वास घेतला. पाणी नव्हतं. ब्रेकचं ऑइल होतं. आतलं रबर गेलं होतं आणि थेंब थेंब गळत होतं.

अण्णांनी भाडं सोडलं. त्या मंडळींना दुसऱ्या जीपवाल्याकडे नेऊन बसवलं. लग्नसराईतलं मोठं भाडं गेलं, वर दुरुस्तीचा खर्च. आईने त्या महिन्यात माझ्या दप्तराची खरेदी पुढे ढकलली. मी रुसले होते. रात्री अण्णा म्हणाले, "बाळा, चाक धुतलं नसतं तर ते दिसलंच नसतं." एवढंच. दप्तर पुढच्या महिन्यात आलं.

म्हणून सांगते, गाडी धुणं म्हणजे गाडीला डोक्यापासून पायापर्यंत हात लावून विचारणं, "बाई गं, कुठे दुखतंय का?" टायरमध्ये खिळा घुसलाय, काच तडकलीय, दिवा फुटलाय, चाकाच्या वरच्या खोबणीत चिखल साचून पत्रा गंजायला लागलाय, हे सगळं हाताला कळतं. काच आतूनही पुसा. आतल्या बाजूला हळूहळू एक धुरकट थर चढतो. दिवसा तो दिसत नाही, पण रात्री समोरच्या गाडीचा उजेड पडला की अख्खी काच पांढरी होते आणि रस्ता दिसत नाही. आतले गालिचे काढून झटका, पण खालच्या बटणांवर आणि इंजिनवर पाणी ओतू नका. तिथे विजेच्या तारा असतात.

मुलांनो, आता काही नियम फक्त तुमच्यासाठी. मोठं माणूस सोबत असल्याशिवाय गाडीला हात नाही. हँडब्रेक ओढलेला आणि इंजिन बंद, हे आधी विचारून घ्या. बंद गाडीत खेळायचं नाही, लपाछपीत तर कधीच नाही. उन्हात बंद गाडी थोड्याच वेळात भट्टी होते आणि दार आतून उघडलं नाही तर जिवावर बेततं. धुतल्यावर गाडी बाहेर काढताना बाबांना आठवण करा, "हळू चालवत दोन-तीनदा ब्रेक दाबा." ओले ब्रेक सुरुवातीला नीट धरत नाहीत. आणि साबणाचं पाणी विहिरीजवळ, बोअरजवळ किंवा तुळशीत सोडू नका.

आता तुमचा गृहपाठ. घरच्या नळाने १५ लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजा. गणित मांडा. मग रविवारी आईबाबांना दोन बादल्यांत गाडी, स्कूटर किंवा निदान आपली सायकल धुऊन दाखवा, आणि किती पाणी वाचलं ते मला पत्राने कळवा.

आणि हो, तुमच्या इमारतीत पहाटे पाच वाजता बादली घेऊन एखादे काका येत असतील. थंडीत गार पाण्यात हात घालून दहा-वीस गाड्या धुऊन, तुम्ही उठायच्या आत निघूनही जात असतील. एक दिवस लवकर उठा. खाली जा. त्यांना त्यांचं नाव विचारा आणि म्हणा, "काका, मला दोन बादल्यांचं शिकवा ना!" बघा, त्यांना तुमच्या बाईंपेक्षा कितीतरी जास्त येत असेल.